विलासकाकांची वंदना

आमच्या पिंपरीच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना वर्षानुवर्षं विलासकाका घ्यायचे. त्यांनी एक ओळ म्हणायची, ती आम्ही मागून म्हणायची, मग त्यांनी पुढची. एवढ्यालाही कान लागतात, हे आम्हा शहाण्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

काकांचे कान चाकणच्या कंपनीत गेले. प्रेसवर पत्रा ठोकण्यात उमेदीची वर्षं सरली. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते घातले की शेजारच्याची हाक कळायची नाही, म्हणून खिशातच राहायचे. निवृत्तीनंतर कानाला मशीन लावलं. घरात त्याने थोडंफार भागायचं; गर्दीत मात्र पंखे, पोरं, माणसं सगळ्यांची एकच खिचडी व्हायची.

मग काका ओठ बघायला लागले. आम्ही डोळे मिटलेले आणि हे टक लावून बघतायत. "काकांचं ध्यान कुठं असतं?" अशी कुजबुज सुरू झाली. त्यांना ती थोडीच ऐकू येणार होती!

बुद्धपौर्णिमेला विहार गच्च भरला. पुढं पोरांची चुळबुळ, मागच्या मोठ्यांचे ओठ दिसेनात. आमची ओळ अर्ध्यात असतानाच काकांनी पुढची धरली, मग तिच्या पुढची. "म्हातारा आपलंच घोडं दामटतोय," कोणीतरी म्हणालं. पोरं हसली. काकांना ते हसरे चेहरे दिसले आणि ते मध्येच गप्प झाले.

समितीचा बुद्धभूषण त्यांच्या कानाशी वाकून सगळ्यांदेखत ओरडला, "काका, आता आराम करा! पुढं खुर्ची टाकतो तुम्हाला! वंदना आता दीक्षाताई घेईल!"

मान दिला म्हणे. खुर्चीचं तोंड मूर्तीकडे, माणसं सगळी पाठीमागे. पुढच्या रविवारी वंदना कधी संपली ते काकांना कळलंच नाही. रिकाम्या विहारात ते हात जोडून बसून होते. शेवटी त्यांच्या बायकोने, केसरबाईंनी, खांद्याला धरून उठवलं. मला त्या खुर्चीचा अजून राग येतो.

आता काका विहारात येत नाहीत. सकाळी मशीन काढून घरातल्या फोटोपुढे बसतात. एक ओळ म्हणतात, थांबतात, पुढची म्हणतात. आपण एकटेच आहोत असं त्यांना वाटतं. आमची भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. ते थांबले की स्वयंपाकघरातून केसरबाई ती ओळ म्हणतात. हळूच, पण रोज.

"काकांना सांगितलंत का हे?" मी एकदा विचारलं.

"कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायचं म्हंजी गल्ली गोळा होईल इतकं वरडावं लागतं. असलं काय वरडून सांगतात व्हय?"