काचेआडचं धुणं

धुळ्यात, आमच्या देवपुरात, सुलक्षणाने मशिनींचं धुलाईघर काढलं तेव्हा गल्लीने तिला आधी वेड्यात काढलं आणि मग फुकटात पंख्याचा वारा खायला तिथेच जाऊन बसली.

सुलक्षणा परिटाघरची सून. लग्न झाल्यापासून लोकांच्या मागच्या दारी जाऊन बोचकी उचलायची आणि धुऊन मागच्याच दारी द्यायची. बस, पाणी पी, असं कुणी म्हणालं नाही. म्हणून आपल्या दुकानात गिऱ्हाइकाने खुर्चीत बसावं, थंड पाणी प्यावं, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. गोल काचेच्या दारांच्या चार मशिनी आणल्या आणि टीव्हीपुढे मांडतात तशा त्यांच्यासमोर खुर्च्या मांडल्या. नवऱ्याने, नवलने बजावलं होतं, ‘दिवाळीपर्यंत चालनं ते चालनं. नही ते मशिनी इकी टाकू, अन् तू परत बोचकी उचल.’ धीर द्यायची ही त्याची पद्धत.

कॉलेजची पोरं जीन्स घेऊन यायची. बायका मात्र दारापर्यंत येत, आत डोकावत आणि बोचकं काखेत मारून परत फिरत. घरी नळाला पाणी नाही, तरी परत. सुलक्षणाने साबण बदलला, दारात रांगोळी काढली. मला तर त्या बायकांचाच राग यायला लागला.

दसरा उलटला तशी तिची झोप उडाली. एका दुपारी मागच्या गल्लीतली भागाबाई, कापूस वेचायला जाणारी साठीची बाई, उंबऱ्यावरून वळली. सुलक्षणाने धावत जाऊन तिचा हातच धरला.

‘अक्का, मन्हं काय चुकनं, ते तरी सांग.’

भागाबाई खाली बघत म्हणाली, ‘माय, त्या काचमाईन बठ्ठं दिखस. मन्हा फाटेल परकर तठे गरगर फिरी, अन् समोर माणसं बठेल शेतस.’

आपल्याकडे परकर दोरीवरसुद्धा साडीच्या आड वाळतो. सुलक्षणाला हे काय ठाऊक नव्हतं? पण जन्मभर दुसऱ्यांचं मळकं हाताळून तिला त्यातली लाजच दिसेनाशी झाली होती. तिने कपाळावर हात मारला. त्याच संध्याकाळी जुन्या साडीचे पडदे शिवून चारी काचांवर लावले आणि खुर्च्या रस्त्याकडे फिरवल्या.

दुसऱ्या दिवशी भागाबाई आली. तिने आपल्या हाताने कपडे आत टाकले, पडदा ओढला. मशीन सुरू झाली, तरी ती पदर खोचून तिथेच उभी.

‘आते मी काय करू?’

‘काहीच नही, अक्का. बठ.’

ती खुर्चीच्या टोकाला टेकली. काही वेळाने मागे रेलली आणि तशीच झोपली. मशीन थांबली तेव्हा बाकीच्या तिन्ही मशिनींत पोरांच्या जीन्स फिरत होत्या आणि आणखी दोघीजणी बोचकी घेऊन उभ्या होत्या. सुलक्षणा भागाबाईला उठवायला निघाली, तशी त्यातल्या एकीने तिचा हात धरला.

‘निजू दे तिले,’ ती म्हणाली, आणि दोघी बोचकी मांडीवर घेऊन वाट बघत बसल्या.