अर्धलीच्या म्हशीला रकाना नाही

अन्याय माझ्या मोठीमायवर झाला. म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीवर. दुष्काळाचं साल, महाशिवरात्रीनंतरचा गुरुवार, सकाळचे साडेदहा. जागा उमापूरच्या पुढची, आमच्या गावचा माळ. तिथं दूध सोसायटीने चारा छावणी उघडली होती. त्या छावणीने मोठीमायच्या म्हशीला दोरीच्या आत घेतलं नाही. म्हैस मोबाइलने ओळखली, मोठीमायला ओळखलं नाही. आणि त्या मोबाइलमधली माहिती भरणारी मीच.

तेव्हा मी कॉलेजात होते आणि पत्रकं लिहायची. टँकर कुठं जिरतो, रेशन कोण खातं, असली पत्रकं. सरकारवर माझा विश्वास नव्हता, आजही बेताचाच आहे. तरी खरं ते सांगते. छावणीच्या पहिल्या दिवशी मी तोंडाचा आ करून उभी होते. शेकडो जनावरं, धुरळा, शेणाचा आणि ओल्या उसाच्या वाढ्यांचा वास, आणि सोसायटीचे सचिव एकेका जनावराच्या कानाजवळ मोबाइल धरत चाललेले. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. टिंग वाजायचं आणि म्हशीचं वय, वेतं, लस कधी टोचली, सगळं काचेवर हजर. आमच्या वस्तीवरच्या कित्येक बायांची बाळंतपणं कुठल्या कागदावर नाहीत. म्हशींची होती. राग यायला हवा होता. आला, पण नंतर. आधी अंगावर काटा आला. जिथं डांबरी रस्ता पोचला नाही तिथं कुणीतरी आमच्या मुक्या जनावरांची नावनिशी ठेवली होती.

खोटी जनावरं दाखवून चारा उचलायचे, ते या बिल्ल्यांनी बंद झालं, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यांचं बंद झालं ते बिल्ल्याला शिव्या घालत होते. मला गार वाटलं.

मग मोठीमाय आली. सचिवांनी मोबाइल धरला, टिंग वाजलं, आणि ते काचेकडं बघतच राहिले.

"काकू, म्हशीचं काय न्हाई. तिचं समदं बरोबर हाय. तुमचंच नाव न्हाई."

"माझं कशाला आसंल? म्हैस माझी हाय का?"

"मग मालकाला आना."

"मालक उसाला गेलाय."

मागं रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "म्हशीलाच विचारा की मालक कोन. नंबर तर तिलाच दिलाय." लोक हसले. मी हसले नाही, कारण मला आदल्या वर्षीचा बिल्ले मारायचा दिवस आठवला.

जनावरांच्या खात्याचा माणूस चिमटा घेऊन आला होता आणि मोबाइलवर नावं मी भरत होते. मालक कोण, असं मी मोठीमायला विचारलं. ती शेजारच्या घराकडं हात करून म्हणाली, "म्हैस त्येंची हाय, बाई. मी निस्ती राखते." मी शेजाऱ्याचं नाव टाकलं, त्याचा नंबर टाकला आणि पुढच्या दावणीला गेले.

आता अर्धल म्हणजे काय ते सांगते. शेजारी दर साली दसरा झाला की टोळीबरोबर कोल्हापूरकडे ऊस तोडायला जातो. जनावर कुणाच्या भरवशावर ठेवणार? म्हणून त्याने वगार, म्हणजे अजून न व्यालेली म्हैस, मोठीमायला राखायला दिली. दूध राखणारीचं. पहिलं रेडकू मालकाचं, दुसरं राखणारीचं. ते दुसरं रेडकू दावणीला पडेपर्यंत राखणारीने जनावराला तोंडातून "माझं" म्हणायचं नाही. म्हटलं तर ती चोरीच्या बरोबरीची गोष्ट. कागद नाही, साक्षीदार नाही, निव्वळ जिभेचा संयम. मोठीमाय खरं बोलली आणि मी खरं लिहिलं. त्या खऱ्यापायी म्हैस उपाशी राहिली. मोबाइलमध्ये मालकाचा रकाना होता, राखणारीचा नव्हता.

म्हैस सहा महिन्यांची गाभण होती, दुसऱ्या वेताची. म्हणजे पोटातलं रेडकू मोठीमायचं. तिच्या एवढ्या वर्षांच्या शेण-पाण्याचं तेच फळ.

चार दिवस म्हैस दोरीच्या बाहेर बाभळीला बांधलेली होती. आतल्या बाया आपल्या वाट्यातनं एकेक पेंढी बाहेर टाकायच्या. सचिव तिकडं पाठ करून उभे राहायचे. नियमाने तो गुन्हाच होता. पण पेंढ्यांनी म्हशीचं पोट भरतं होय? तिसऱ्या दिवशी बरगड्या मोजता येत होत्या. व्यापाऱ्याचा टेम्पो रोज छावणीला चक्कर मारायचा. त्यातला एक जण मोठीमायला म्हणाला, "मावशी, आज हुभी हाय तवर द्या."

"दुसऱ्याची म्हैस इकू का?" ती म्हणाली. "सरक तिकडं."

मी तालुक्याला, गेवराईला, दोन खेपा घातल्या. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, हे कबूल करते. नाव बदलता येतं म्हणाले, पण मालकाच्या मोबाइलवर आकडे येतील, ते त्याने लगेच सांगायला हवेत. शेजाऱ्याचा मोबाइल कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, बंद आणि तो उसाच्या फडात. आम्ही टोळीच्या मुकादमाला गाठलं. शनिवारी आकडे गेले, पण शेजारी मोळ्या वाहत होता. तो बांधावर येईपर्यंत त्यांची मुदत संपली. मग मुकादमाला बजावलं की उद्या दुपारी एकला त्याला रेंजमध्ये उभा करा.

रविवारी एक वाजता सचिवांनी बटण दाबलं. मी फोन मोठीमायच्या कानाशी धरला, आवाज मोठा करून.

"वैनी, आले बगा. घ्या आकडे."

"थांब. ह्यानं म्हैस माझ्या नावावर हुती म्हनं. ठावं हाय का तुला?"

"हाय की."

"मंग कावून देतो?"

"वैनी, म्हैस उपाशी हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग घ्या लवकर. मुदत जाती त्याची."

"वाटा त्योच ऱ्हाईल," ती म्हणाली.

"मी कुटं काय म्हन्लं?"

त्याने सहा आकडे वाचले. सचिवांनी दाबले. टिंग.

ते आकडे कुठल्या शहरातल्या यंत्रातून निघाले मला माहीत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते आभाळातनं कोल्हापूरच्या फडात गेले आणि तिथून एका माणसाच्या तोंडाने आमच्या माळावर आले. हे आजही मला पुरतं पचलेलं नाही. पण त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट. उसाच्या पात्यांनी हात कापलेल्या त्या माणसाने घरातलं एकुलतं दुभतं जनावर सहा आकड्यांत दुसरीच्या नावावर करून टाकलं. आवाज हललासुद्धा नाही. असला भरवसा मोजायचं यंत्र अजून निघायचं आहे. निघेल तेव्हा मी त्याचंही कौतुक करीन.

म्हैस आत गेली, खाऊ लागली, जगली. रेडकू गेलं. पुढच्या आठवड्यात ती गाभडली. डॉक्टर म्हणाले, उपासाने झालं का ते छातीठोक सांगता येत नाही. मोठीमायने ते माळाच्या कडेला पुरलं आणि शेजाऱ्याला फोन करून सांगितलं, तेवढंच. नाव तिचं झालं होतं, तरी म्हशीला "माझी" न म्हणता तिने पुढच्या वेताची वाट नव्याने धरली.

मला बिल्ला नको असं म्हणायचं नाही. एवढं मोठं डोकं सरकारने चालवलं, त्यात एक रकाना जास्त बसतो. वाचणाऱ्या माणसा, तुझ्याकडं माझं मागणं सरळ आहे. येत्या ग्रामसभेला जा. आपल्या गावात अर्धलीने जनावर राखणाऱ्या बाया किती, ते हात वर करायला लावून लिहून घे. मालकाशेजारी राखणारीचं नाव घाला आणि तिच्या अंगठ्यावर जनावराला छावणीत घ्या, असा ठराव मांड. सही-शिक्का घेऊन तो तालुक्याला स्वतः पोचव आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. हे दुष्काळ पडायच्या आत कर.