उसने कान

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिची आठवण मात्र रोज निघते.

आई अंथरुणाला खिळलेली. तिला तिच्या माहेरची, कापडे गावातली भातलावणी रेकॉर्ड करून ऐकवावी म्हणून मी पावसाची उघडीप बघून बांधावर लॅपटॉप मांडला. दोन्ही कानांवर माइक असलेला हेडसेट जोडला, तर डावा-उजवा आवाज एकच यायला लागला! मग साउंडकार्डची यूएसबी डबी लावली, सेटिंगमध्ये स्टिरिओ निवडलं, तेव्हा जमलं. पण मला सर्दी. हेडसेट माझ्या कानांवर, म्हणून माझंच सूं-सूं त्यात भरायला लागलं.

वरच्या वाडीतली एक बाई जवळच गुरं चारत होती.

“मावशी, हे घालून जरा बसाल? फक्त हलू नका.”

तिनं पदर मागे सारून हेडसेट घातला. आधी डाव्या हातातल्या बांगड्या वाजवल्या, मग उजव्या. पडद्यावरच्या दोन रेषा आळीपाळीनं उसळल्या.

“म्हंजे तुजी आय माज्या कानानं ऐकनार गो?”

“हो.”

“मंग बसते की.”

बसली खरी, पण गुरांची घंटा वाजली की मान वळायचीच. लावणीवाल्या बायांचं गाणं सारखं इकडून तिकडे जात होतं. मी मनातून चरफडत होते. गाणं संपताच हेडसेट माझ्या हातात देऊन ती गुरांमागे धावली.

घरी आईला त्या मावशीबद्दल सांगून ते तसंच ऐकवलं. डोळे मिटून ती ऐकत होती. घंटा वाजली आणि उशीवरची तिची मान हळूच वळली.

“तिची गुरं भातात शिरतायत गो,” आई म्हणाली, “सोड तिला.”