बंद घरांची जिजी

खाणीत सुरुंग उडाला, धूळ खाली बसली आणि सगळं ठीक असल्याचा भोंगा वाजला की आमची माणसं कामाला लागायची आणि खालच्या वस्तीत एक म्हातारी घराबाहेर पडायची. कमरेला चाव्यांचा भलामोठा जुडगा. एका घराचं कुलूप काढायची, आत जायची, जरा वेळानं बाहेर येऊन कुलूप लावायची आणि शेजारच्या घराकडे वळायची. असं करत गल्लीच्या टोकापर्यंत. मी व्यवस्थापक म्हणून नवीनच रुजू झालो होतो. वरून हे पाहिलं आणि सुपरवायझरला विचारलं, "एवढी सगळी घरं या बाईंची?" तो हसला. म्हणाला, "घरं लोकांची हायत साहेब. चाव्या जिजीच्या."

आमची खाण नेकनूरच्या पुढे, काळ्या दगडाची. रस्त्यांच्या कामाला इथून खडी जाते. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. डोंगराच्या पायथ्याला जी वस्ती आहे, तिथली बहुतेक घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास बंद होतात. नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, कुणी माजलगावकडे, कुणी थेट कर्नाटकात, आणि उन्हं तापायला लागली की परततात. मागे उरतात ती म्हातारी माणसं, काही शाळकरी पोरं आणि कुलपं. जाताना प्रत्येक जण आपल्या घराची चावी गयाबाईंच्या हातात देऊन जायचा. गयाबाईंना सगळी वस्ती जिजी म्हणायची, पुढे मीही म्हणू लागलो. त्यांनी स्वतः उमेदीची सगळी वर्षं ऊस तोडला होता. मोळ्या वाहून गुडघे गेले, तेव्हा मुलगा आणि सून जाऊ लागले आणि जिजी घरी राहिल्या. वस्तीनं मग आपली घरंच त्यांच्यावर टाकली.

माझ्या आधीच्या साहेबांनी एक चूक करून ठेवली होती. खाण वाढवायला ग्रामसभेची संमती हवी होती. ती सभा त्यांनी ऐन हंगामात घेतली. मागे राहिलेले म्हातारे पारावर येऊन बसले, साहेबांनी चहा पाजला, सगळ्यांनी हात वर केले. कायद्यात सगळं बसत होतं. तोडीवरून माणसं परतली तेव्हा त्यांना कळलं, की डोंगराच्या वरच्या अंगाला खाण पुढे सरकलीय आणि आपल्या नावानं संमतीही देऊन झालीय. त्यांनी डंपरांचा रस्ता अडवला. बरेच दिवस खाण बंद राहिली, आधीच्या साहेबांची बदली झाली आणि गावाशी जुळवून घेण्यासाठी मला पाठवलं गेलं. जुळवून घेणं हे शब्द वरिष्ठांचे. म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

म्हणून मी आधी जिजींकडे गेलो. त्यांनी ओट्यावर पोतं अंथरलं, चहा टाकला आणि माझ्या हेल्मेटकडे बघत राहिल्या.

"डोक्यावरचं भांडं काढून ठिवा की. हितं काय पडत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन पडत आसंल, तर मंग आमाला बी एकेक द्या."

मी मुकाट्यानं हेल्मेट काढलं. त्यानंतर त्या वस्तीत मी ते कधी घातलं नाही.

जिजींचा आवडता शब्द 'कावून'. समोरचा काहीही बोलला की पहिला प्रश्न कावून. आम्ही दुपारी सुरुंग लावतो, कावून? भोंगा एवढा लांब वाजवतो, कावून? उत्तर पटलं तर मान डोलावायची, नाही पटलं तर तोच प्रश्न पुन्हा. कंपनीच्या कुठल्याही बैठकीत माझी इतकी उलटतपासणी झाली नाही. मात्र एक गोष्ट मी त्यांना विचारली होती. एवढे गुडघे दुखत असताना प्रत्येक सुरुंगानंतर घरोघर भिंती बघत कशाला फिरता? त्या म्हणाल्या, "माजं घर आसतं तर ऱ्हाऊ दे म्हनले आसते. दुसऱ्याचं हाय. जिम्मा घेतलाय."

त्या आमच्या बाजूच्या नव्हत्या आणि विरोधातल्याही नव्हत्या. एकदा वस्तीतल्या एका गृहस्थानं भिंतीतला तडा दाखवून माझ्याशी भांडण काढलं. सुरुंगानं घर फाटलं, भिंत नवी बांधून द्या, म्हणाला. चार माणसं जमली, आवाज चढले. जिजी काठी टेकत आल्या, तडा बघितला आणि त्याला म्हणाल्या, "ह्यो तडा तुज्या बापाच्या येळचा हाय बे. ह्याच्यात पाल निघाली व्हती म्हनून तुजी माय माज्या घरी झोपाया आल्ती. साहेबाच्या गळ्यात कावून बांधतोस?" गृहस्थ ओशाळला, माणसं हसली आणि पांगली. मला मनातून फार बरं वाटलं. जिजींनी ते ओळखलं असावं, कारण जाता जाता म्हणाल्या, "खुश नगा होऊ. तुमचा निगंल तवा तुमाला बी सांगन."

तो निघाला माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात. वस्ती रिकामी होती. एका सुरुंगात दारू थोडी जास्त झाली आणि हादरा नेहमीपेक्षा मोठा बसला. तासाभरात जिजींचा निरोप आला. मी गेलो. भीमराव नावाच्या माणसाचं ते घर, माळवदाचं, मातीच्या भिंतींचं. कोपऱ्यातली भिंत वरपासून कोनाड्यापर्यंत उललेली, इतकी की आत बोटं जावीत. तडा ताजा होता, मला कुणी सांगायची गरज नव्हती. भीमराव म्हणजे रस्ता अडवणाऱ्यांतला पहिला माणूस. त्याचंच घर नेमकं फाटावं, याला काय म्हणायचं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी आणि सिमेंट पाठवून दिलं. कुणी न मागता, कुणी न भांडता भिंत दुरुस्त होतेय, यात मला कंपनीचा मोठेपणाच दिसत होता. थोड्याच वेळात गवंडी परत आला. म्हातारी उंबऱ्यात बसलीय, आत जाऊ देत नाही, म्हणाला.

मी खाली गेलो. जिजी खरोखरच उंबऱ्यात बसल्या होत्या, पदर आवळून.

"जिजी, चांगलंच करतोय ना मी?"

"चांगलं करताव. पन घर कुनाचंय?"

"भीमरावचं."

"त्येनं बघितलं का?"

"तो आल्यावर त्याला धड भिंत दिसेल. उलट बरंच नाही का?"

"आन मंग वस्तीतलं कुनी सांगंल, तुजी भिंत फाटली व्हती, जिजीनं आन साहेबानं मिळून बुजवली. त्यो मला इचारंल, जिजे, अजून काय काय बुजवलं? काय सांगू? फुडल्या साली मला कोन चावी देनार न्हाई साहेब. त्यापरीस मेलेली बरी."

मला तेव्हा कुठे उमगलं, की या बाईचं सगळं या चाव्यांवर उभं होतं. शेत थोडं, तेही कोरडवाहू. अंगात कष्ट उरले नव्हते. वस्तीचा भरोसा ही एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती, आणि माझं सिमेंट नेमकं तिच्यावर घाव घालत होतं. शेवटी जिजींनी तोडगा काढला. भिंत पडू नये म्हणून लाकडाचे टेकू द्या, पण गिलावा नाही. धनी येईल, बघेल, मग काय ते.

संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर भीमरावला फोन लावला. तो तोडीवरच्या पाचटाच्या कोपीत नुकताच परतला होता. जिजींनी काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. तडा कुठून कुठवर आहे, टेकू कुठे दिलेत, सगळं सांगितलं. पलीकडून भीमराव काय काय बोलत होता ते मला ऐकू येत होतं. कंपनीला शिव्या दिल्या, मग जिजींना. तुज्या जिवावर घर टाकून आलो आन तू साहेबाला चहा पाजतीस, म्हणाला. जिजी ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सांगितलं, बाबा. आता येऊन बघ." फोन ठेवल्यावर त्या चाव्यांचा जुडगा चाचपत बसल्या. मीही उठलो नाही.

पुढचे काही महिने वरिष्ठ मला विचारत होते, ती फुटकी भिंत तशीच ठेवून तुम्ही आंदोलनाला आमंत्रण का देताय? माझ्याजवळ जिजींइतकं चांगलं उत्तर नव्हतं. मी आपलं, स्थानिक परिस्थिती पाहता, वगैरे लिहून पाठवायचो.

तोड संपली. ट्रॅक्टर वस्तीत आले, भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं उतरली. भीमराव कुणाशी न बोलता घरात गेला. आम्ही सगळे दारात. त्यानं तड्यात हात घातला, टेकू हलवून बघितले. मग बाहेर येऊन मला म्हणाला, "बुजवला कावून न्हाई?"

"जिजींनी बुजवू दिला नाही."

तो जिजींकडे बघत राहिला. त्याच्या बायकोनं, सुनंदानं, पुढे होऊन जिजींच्या पायाला हात लावला. दुसऱ्या दिवशी गवंडी आला तेव्हा भीमराव स्वतः पाणी आणून देत होता. भिंत उभी राहिली. वस्तीतले लोक मला रस्त्यात थांबवून बोलू लागले. आता काम झालं, असं मला वाटलं.

डोंगराच्या वस्तीकडच्या अंगाला खाण वाढवायचा ठराव आम्ही त्याच उन्हाळ्यात ठेवला, सगळी माणसं घरी असताना. मी सगळं समजावून सांगितलं. लोकांनी नीट ऐकलं. मग भीमराव उठला आणि म्हणाला, "साहेब, तुमचं बोलनं खरं हाय. पन ह्या बाजूला न्हाई. आमची घरं हायत." हात वर झाले, सगळे विरोधात. मी जिजींकडे बघितलं. त्यांचाही हात वर होता.

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. रागही आला. सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं. "जिजी, तुम्ही पण?"

"म्या पन," त्या शांतपणे म्हणाल्या. "साहेब, तुमच्या आदीच्या साहेबाला सगळे हो म्हनले व्हते. तोंडावर हो, आन मागनं रस्ता आडवला. तुमाला तोंडावर न्हाई म्हनले, आन उद्या तुमच्या गाड्या बी चालू ऱ्हातेल. सांगा बरं, भरोसा कुनावर हाय?"

गाड्या चालू राहिल्या. ज्या बाजूला परवानगी होती तिथे आम्ही दगड काढत राहिलो आणि कुणी आडवं आलं नाही. वरिष्ठांना हे समजावून सांगणं अवघड गेलं, अजूनही जातं. पण मला त्या दिवसापासून ग्रामसभेची भीती वाटेनाशी झाली.

त्या दसऱ्यानंतर वस्ती पुन्हा निघाली. लोक येऊन जिजींना चाव्या देत होते. भीमराव सगळ्यांत शेवटी आला. चावी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ट्रॅक्टरवर चढला. हे मला जिजींनीच सांगितलं, आणि त्या आठवड्यात जेव्हा जेव्हा भेटलो तेव्हा पुन्हा पुन्हा सांगितलं. दर वेळी सांगताना तळहात पुढे करायच्या.

त्याच हंगामात जिजी गेल्या. पहाटे चूल पेटवता पेटवता बसल्या त्या उठल्याच नाहीत. मुलगा कर्नाटकात. फोनवर रडत म्हणाला, "मी निगालोय, पन पोचाया दिवस मावळंल. वढ्यावर नेऊन ठिवा तिला, अग्नी द्यायला मी येतो." वस्तीत म्हातारी माणसं आणि पोरं. तिरडी उचलायला धडधाकट गडी एकही नव्हता. आम्ही खाण बंद केली. ड्रिल चालवणारे, डंपरवाले, क्रशरवरचे, सगळे खाली उतरले. त्यांतले कितीतरी परप्रांतातले, त्यांना इथल्या चालीरीती ठाऊक नव्हत्या. म्हातारी माणसं सांगत गेली आणि ते करत गेले. मीही खांदा दिला. सगळं शरीर काटकुळं, तरी मला ते ओझं जड लागलं. मुलगा आणि सून दिवस मावळताना पोचले, तोवर आम्ही ओढ्याकाठच्या स्मशानात जिजींपाशी बसून होतो.

चाव्यांचा जिम्मा सुनेनं घेतला, ती त्या वर्षी तोडीवर परत गेली नाही. उन्हाळ्यात माणसं आली. पहिल्याच आठवड्यात भीमराव ऑफिसात आला. खुर्चीच्या कडेवर बसला. चहा सांगितला, तो नको म्हणाला नाही.

"जिजीला खांदा तुमी दिला म्हने."

"आम्ही सगळ्यांनीच."

"ते आमचं काम व्हतं," तो म्हणाला आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. चहा अर्धा झाल्यावर त्यानं विचारलं, "ठराव फिरून ठेवनार म्हनं औंदा?"

"वरून आग्रह आहे."

"ठिवा की. मी न्हाईच म्हननार हाय. आदीच सांगून ठिवतो."

"सभेत माझ्यासमोर म्हणा."

"तुमच्यासमोरच म्हननार. मागं कावून म्हनू?" असं म्हणून त्यानं उरलेला चहा सावकाश संपवला, बशी पालथी घातली आणि माझ्या मुलांची चौकशी करत बसला.

जिजी गेल्याचं खरं दुःख मला त्या वेळी झालं. खांदा देताना मी धीरानं वागलो होतो. हे बोलणं ऐकायला त्या तिथे नाहीत, एवढ्याच गोष्टीनं मला रडू आलं.