बाळातला ळ

जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात: आमच्या थोरल्या साडूंनी पास केलेल्या, आणि उरलेल्या. साडू हे नातं मुळातच जरा मजेशीर. एकाच सासुरवाडीत अडकलेली दोन माणसं, दुसरं काय! पण मला या बाबतीत नशिबाने चांगलाच हात दिला. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. सासूबाईंसाठी पलंग घ्यायचा होता, तर विजय नगरच्या दुकानात हे चप्पल काढून त्या पलंगावर आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले. दुकानदार बिचारा गिऱ्हाइकांना तोंडावर बोट ठेवून खुणा करत होता. जागे झाल्यावर त्यांनी कूस बदलून पाहिली आणि म्हणाले, "डाव्या अंगाला करकरते. फेल." माझ्या मेव्हणीसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, हेल्मेट घेताना ते स्वतःच्या डोक्यावर चढवून त्यांनी दुकानदाराच्या हाती लाटणं दिलं होतं. लाटणं घरूनच नेलं होतं, हे वेगळं सांगायला नको. दुकानदाराने हात जोडले, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी घाबरत घाबरत हाणलं, तर आतून आवाज आला, "जोरात! बायकोचं डोकं आहे ते!"

त्यांचा दुसरा पहारा 'ळ'वर. चार पिढ्या हिंदीच्या शेजारात राहून आमच्या मुलाबाळांच्या तोंडून ळ गळूनच गेला आहे. माझी मुलगी लहानपणापासून 'मला कलत नाही' असंच म्हणते. साडू मात्र ळ म्हणजे घरचं सोनं असल्यासारखा जपतात. सणाला ताट समोर आलं की भाचरांनी आधी 'पुरणपोळी' म्हणून दाखवायचं, मगच तूप. माझ्या मुलीने कित्येक वर्षं कोरडी पुरणपोलीच खाल्ली. हिंदी बोलतानाही त्यांचा ळ ढळत नाही. दीक्षितपुऱ्यातला त्यांचा केळीवाला आता स्वतःच 'केळे लो, केळे' अशी हाळी देतो, आणि बाकीची गिऱ्हाइकं त्याच्याकडे संशयाने बघतात.

असा हा ठणठणीत माणूस, पण अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, औषधाने आटोक्यात राहील, पूर्ण जाणार नाही. तेव्हापासून तो हात सदऱ्याच्या खिशात राहतो. चहाचा कप ते डाव्या हाताने घेतात आणि त्यावर कोणी बोललेलं त्यांना खपत नाही. माझी मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली. बारशाच्या दिवशी बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात देत होत्या, नंतर आम्ही पुरुषांनीही हौसेने घेतलं. बाळ फिरत फिरत साडूंजवळ आलं आणि अलगद पलीकडे गेलं. नका घेऊ, असं कोणी म्हटलं नाही. "मला सर्दी आहे," असं त्यांनी आपणच सांगून टाकलं आणि दाराशी जाऊन उभे राहिले. पुढे कित्येक आठवडे त्यांना सर्दीच होती. त्यांना मूलबाळ नाही. माझ्या मुलीला त्यांनी खांद्यावर बसवून सगळा सदर बाजार दाखवलेला आहे, आणि आता तिच्या बाळाला हात लावायला हा माणूस भीत होता. मला फार वाईट वाटायचं, पण 'घ्या' म्हणायचं धैर्य माझ्यातही नव्हतं.

बाळ चार महिन्यांचं झालं आणि त्याने मान धरली. त्याला सतत अंगावर हवं असायचं. मुलीची कंबर धरली. "मम्मी, मी आता बालासाठी झोली घेऊन राहिली," असं ती म्हणाली. अंगाला बांधायची, पट्ट्यांची, हल्ली मिळते तशी. साडू कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली आला. "बाळ. झोळी," ते म्हणाले. "आणि ती मी आणणार."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेजारणीची जुनी झोळी मागून आणली, तिच्यात कणकेची पिशवी घातली, पिशवीला पायांच्या जागी दोन दुधी भोपळे बांधले आणि फिरायला निघाले. भोपळे काहून, असं मी विचारलं. "काहून म्हणजे? डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. बाळाचे पाय नुसते लोंबायला नकोत. बेडकासारखे फाकून, गुडघे ढुंगणापेक्षा वर. हनुवटी छातीत रुतायला नको. आणि आपण मान वाकवली की कपाळाचा पापा घेता आला पाहिजे." गल्लीत कोणीतरी "अंकलजी, चक्की उधर है" म्हणून हाक मारली. त्यांनी थांबून मान वाकवली, कणकेच्या पिशवीचा पापा घेऊन पाहिला आणि भोपळे लोंबतात म्हणून शेजारणीची झोळी नापास केली.

मग आम्ही सदरला गेलो. दुकान बायका-मुलांच्या सामानाचं. साडू गल्ल्यापाशी जाऊन खणखणीत आवाजात म्हणाले, "भैया, बाळ के लिए झोळी दिखाइए. आरामवाली."

दुकानदाराने अंबाड्याची जाळी काढून पुढे ठेवली.

साडूंनी ती ताणून पाहिली. "इसमें से तो नीचे गिर जाएगा!"

"थोड़े-बहुत तो सबके गिरते हैं, अंकल."

साडूंचा चेहरा पांढरा पडला. "गिरते हैं? अरे, गर्दन को सहारा नहीं चाहिए?"

"गर्दन तक लंबे हैं? फिर बड़ी जाली लगेगी. बाँधेगा कौन?"

"हम बाँधेंगे, और कौन!"

दुकानदाराने साडूंच्या तुळतुळीत टकलाकडे बघितलं. मग जरा हळू आवाजात, त्यांना वाईट वाटू नये असं विचारलं, "लेकिन अंकल, बाल हैं कहाँ?"

"घर पे. दूध पीके सो रहा है."

मी या गृहस्थांना ओळखतच नाही असा चेहरा करून दुपट्ट्यांकडे बघत होतो. पण हसू आवरेना, तेव्हा मध्ये पडून खुलासा केला. दुकानदार पोट धरून हसला. साडू मात्र गंभीरपणे त्याला जीभ टाळूला कशी लावायची ते शिकवत बसले.

झोळ्या आल्या. दुकानातलं एक गुबगुबीत अस्वल उमेदवार म्हणून घेतलं. एक झोळी खांद्यालाच सगळं ओझं देत होती, फेल. दुसरीचं कापड जाड, जबलपूरच्या मे महिन्यात बाळ उकडून निघालं असतं, फेल. तिसरीची बैठक रुंद होती, कमरेचा पट्टा भक्कम होता, कापड सुती होतं. फक्त तिच्या पट्ट्याची कडी त्यांना लागेना. उजवा हात खिशातून बाहेर आला होता आणि कडीच्या भोवती थरथरत फिरत होता. दुकानदार मदतीला वाकला. "नहीं. हमीं लगाएँगे," ते म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलीच्या कमरेची काळजी खरी होती, पण ही झोळी त्यांना स्वतःलाही हवी होती. चौथी निघाली, तशीच, पण मोठ्या कडीची. त्यांनी ती पुन्हा पुन्हा दाबली आणि शेवटी कट् असा आवाज झाला. मग ते वाकले, बसले, उठले आणि दोन्ही हात सोडून उभे राहिले. अस्वल हललं नाही. गरजेपेक्षा बराच वेळ ते तसेच उभे होते.

"पास," ते म्हणाले. इतक्या हळू त्यांना पास म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी झोळी मुलीपुढे धरली. तिने ती हातात घेतली, त्यांच्याकडे बघितलं आणि परत दिली. "मावसाजी, पहिले तुम्ही. तपासल्याशिवाय मी काहून घालू?"

साडूंची सर्दी त्या क्षणी बरी झाली. त्यांनी पट्टा बांधला, कडी लावली, मुलीने बाळ आत बसवलं. गुडघे वर, हनुवटी मोकळी. बाळ किरकिरत होतं. साडू अंगणात हळूहळू चालायला लागले, आणि नकळत त्यांचा उजवा हात बाळाच्या पाठीवर गेला. हात थरथरतच होता. बाळाला काय ठाऊक तो आजार आहे म्हणून? त्याला कोणीतरी थोपटत होतं, एका लयीत, न थकता. त्याने गाल त्यांच्या छातीला लावला आणि डोळे मिटले.

"बाल झोपलं, मावसाजी," मुलगी कुजबुजली.

मी ळची वाट बघितली. साडूंनी तिला दुरुस्त केलं नाही. त्यांनी मान वाकवून बाळाच्या कपाळाचा पापा घेतला. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.

आता मुलगी सासरी गेली आहे, झोळीही तिच्याबरोबर गेली. परवा माझ्यासमोरच साडूंना तिचा फोन आला, "बाल झोपूनच नाही राहिलं, मावसाजी, तुमच्यासारखं थोपटणं कोणालाच जमत नाही." साडूंनी फोन ठेवला. खिशातला हात बाहेर काढून ते त्याच्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "पास झाला म्हणायचा."