अर्धं शटर

सावंतकाका गेल्याचा त्यांच्या मुलाचा, अनिलचा, फोन आला तेव्हा मी दुकानात होतो, आणि दिवस धनत्रयोदशीचा होता. भांड्यांच्या दुकानात धनत्रयोदशी म्हणजे काय, हे मुलुंडच्या आमच्या बाजारात कुणाला सांगायला नको. अनिल म्हणाला, चार वाजता काढतोय, बाजारातूनच नेणार, बाबांची तशी इच्छा होती. मी बरं म्हटलं आणि समोरच्या बाईंना समई बांधून दिली...

आमच्या व्यापारी संघाचे काका कित्येक वर्षं अध्यक्ष. इलेक्ट्रिकचं छोटं दुकान, पण ते स्वतःच्या गल्ल्यावर कमी आणि बाजारात जास्त. गटार तुंबलं, दिवे गेले, फुटपाथवरून दोन दुकानदारांची जुंपली, की काका हजर. एक रीत त्यांनीच घालून दिली होती. संघातलं कुणी गेलं की अंत्ययात्रा बाजारातून पुढे जाईपर्यंत सगळ्यांनी शटर अर्धं खाली ओढायचं. शटर ओढायची लांब लोखंडी आकडी घेऊन काका स्वतः दुकानोदुकानी फिरायचे. माझे वडील ऐन लग्नसराईत गेले. समोरचा साडीवाला कुरकुरला, तेव्हा काका त्याला म्हणाले होते, "ओढ रे. गिऱ्हाईक उद्या परत येतला. माणूस येवचो नाय." त्या दिवशी दोन्ही बाजूंची शटरं खाली आलेली बघून मला केवढा धीर आला होता.

काका थकल्यापासून अध्यक्ष मी. मी काय केलं, तर संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. जोडलेल्या हातांची रांग लागली. चार वाजता यात्रा आली तेव्हा एकही शटर खाली नव्हतं. सगळे माझ्या दुकानाकडे बघत होते, आणि माझ्याकडे पायरीपर्यंत गर्दी होती. मी काउंटरमागूनच नमस्कार केला. अनिलने वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला झेपलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं... तरी हातातल्या पितळी डब्याचं वजन मी केलंच.

दिवाळी उलटल्यावर काकू दुकानात आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी आकडी काउंटरवर ठेवली.

"अध्यक्षाकडे असावी, म्हणायचे."

मी माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, "सीझन होता रे. आमचंही दुकानच आहे ना."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. आता रोज दुकान बंद करताना मी त्याच आकडीने शटर ओढतो. ते अर्ध्यावर आलं की हात थांबतो. समोरून कुणाचीही यात्रा जात नसते. तरी मी थोडा वेळ तसाच उभा राहतो, मग उरलेलं ओढतो.