पंचफुलाचं पांढरं पातळ

शेलूबाजारहून वाशीमकडं पायी निघालेल्या बायांमध्ये पंचफुला सगळ्यांत पुढं होती. गावोगावी एड्सची माहिती सांगायची आणि आजाऱ्यांसाठी डब्यात वर्गणी मागायची, अशी ही त्या भागातली पहिलीच रॅली. रॅली म्हटली की विहारात नेसतो ते पांढरं पातळ, एवढंच तिला ठाऊक. तेच ती नेसून आली होती. धुकं तुरीच्या पिवळ्या फुलांवर लोळत होतं. पाय डांबरावर पडताहेत की कापसावर, तिला कळत नव्हतं. नवरा ज्या बिमारीनं गेला तीच आपल्यालाही आहे, हे तिनं दवाखान्याबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. सोबतच्या बायांनाही नाही.

वाटेतल्या गावात बौद्धवस्तीपाशी घोळ झाला. पांढरं पातळ पाहून लोकांना वाटलं, धम्म रॅली आली. बाया फुलं घेऊन धावल्या, जयभीम झाले, डबा वाजू लागला. पंचफुलाच्या केसांत पाकळ्या अडकल्या. इतक्या वर्षांत तिच्यावर कुणी फुलं टाकली नव्हती. या धुक्यातून बाहेर येऊच नये, असं तिला वाटलं.

रुपाबाई नावाच्या म्हातारीनं पाण्याचा गिलास पुढं केला. कोणत्या विहाराची रॅली हाय, म्हणून विचारलं. कुठलंही नाव सांगून भागलं असतं. पण खोट्या मानाचं पाणी पंचफुलाला प्यायचं नव्हतं.

"एड्सची हाय, मावशी. अन् तो मलेच हाय."

गिलास हवेतच थांबला. मग म्हातारीनं तो ओट्यावर ठेवला, हातात दिला नाही. फुलं वाहायला जोर लागत नाही. जोर लागतो तो गिलास हातात द्यायला.

"मंग पांढरं कायले नेसली?" मागून वस्तीतल्या एकीनं टोमणा मारला.

"माहं हाय, म्हणून नेसली."

पाण्याला हात न लावता ती चालू लागली. डोळे भरले होते, की धुकंच पापण्यांवर बसलं होतं. गाव मागं पडलं, तशी अनवाणी पावलं जवळ आली. रुपाबाईची सून, धम्मदीपा. धापा टाकत होती.

"ताई, गोळ्या कुठी भेटतात वं?"

कोणासाठी, हे पंचफुलानं विचारलं नाही. वाशीमच्या दवाखान्याची वाट सांगितली. सोमवारी दवाखान्याच्या फाटकापाशी मी तुझी वाट पाहीन, म्हणाली. धम्मदीपा लगेच वळली नाही. बरीच वाट ती पांढऱ्या पातळाला लागूनच चालत राहिली.